दणकट रॉडला साजेसं रीळ

मराठीत 'बास' म्हटलं की पंगतीत जिलबीच्या ताटासमोर आडवा धरलेला हात आठवतो. इथे टेक्ससमध्ये मात्र 'बास' म्हणजे थांबणं नव्हे, सुरुवात. शनिवारी पहाटे बोटी ओढत तळ्यांकडे निघालेल्या पिकअप ट्रकांची रांग ज्याच्या मागे असते, तो हा लार्जमाऊथ बास. हिरवट पाठ, कुशीवर काळसर पट्टा आणि नावाला जागणारा, डोळ्याच्याही मागे पोचणारा जबडा.

आपल्यातल्या ज्यांना गळ टाकायचा नाद लागतो, त्यांची पहिली मोठी खरेदी असते रॉडची. मोठा बास हवा म्हणून 'हेवी' रॉड घरी येतो. मग गॅरेजमधल्या जुन्या, हलक्या रॉडवरचं रीळ काढून त्याच्यावर चढवलं जातं. नाहीतर सेलमध्ये दिसलेलं सगळ्यांत महाग रीळ आणलं जातं. दोन्ही वेळा जोडी जमण्याची खात्री नसते. स्थळ बघताना आपण एका बाजूची माहिती काढून थांबत नाही. इथेही दोन्ही बाजू बघायला हव्यात.

जोडी चुकली तर पैसे वाया जातात, मनगट दुखतं, हे झालंच. पण खरी किंमत मासा देतो. दोरा तुटला की गळ आणि आमिष तोंडात घेऊन तो निघून जातो. हलक्या रिळावर झुंज लांबली की पाण्याच्या वर येईपर्यंत तो इतका थकतो की सोडून दिला तरी जगेलच असं नाही. म्हणून रीळ निवडणं हा नुसता हौसेचा प्रश्न नाही.

हेवी रॉड मुळात कशासाठी?

डॅलसच्या पूर्वेला दीड तासावर लेक फोर्क आहे. १९८० मध्ये धरण बांधून तयार झालेलं, सुमारे २७ हजार एकरांचं हे तळं. पाणी भरण्याआधी तिथली बरीच झाडं तशीच उभी ठेवली होती. त्यांचे खुंट आजही पाण्याखाली आहेत. टेक्सस राज्याचा लार्जमाऊथ बासचा विक्रम याच तळ्यातला: १९९२ साली पकडलेला १८.१८ पौंडांचा, म्हणजे सव्वाआठ किलोंचा मासा.

इथल्या अनेक तळ्यांत हायड्रिला माजलेली असते. शाळेत प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात चंचुपात्रात उलट्या नरसाळ्याखाली ठेवायचो, तीच ही. आपल्याकडच्या पाण्यांत मूळची असलेली ही वनस्पती १९५० च्या दशकात मत्स्यालयांसाठी म्हणून फ्लोरिडात आली आणि तिथून पसरली. दिवाळीच्या सुमाराला तिची जाड गादी पाण्यावर पसरलेली असते आणि तिच्या सावलीत मोठे बास दबा धरून बसतात.

आता बासची झुंज कशी असते ते बघू. सुरमई गळाला लागली की ती मोकळ्या पाण्यात लांब पळते. तिला दोरा द्यावा लागतो, दमवावं लागतं. बास तसा पळत नाही. तो खाली मुसंडी मारतो आणि जवळच्या खुंटाला किंवा वनस्पतीला वेढा घालतो. सुरमईशी पळापळी, बासशी लपाछपी. या लपाछपीचा निकाल पहिल्या दोन-तीन सेकंदांत लागतो. तेवढ्यात त्याचं डोकं वर वळवलं तर मासा आपला, नाहीतर झाडाचा.

हेवी रॉड आहे तो या दोन-तीन सेकंदांसाठी. रॉड मासा वर उचलतो, पण त्या क्षणी सैल पडलेला दोरा गोळा करणं आणि आलेला दोरा परत न सोडणं हे रिळाचं काम. 'याच्याबरोबर कोणतं रीळ?' या प्रश्नाचं उत्तर इथूनच निघतं.

रॉडवरचा मजकूर वाचा

मुठीच्या वर बारीक अक्षरांत रॉडची सगळी कुंडली लिहिलेली असते. समजा, तिथे असं आहे: लांबी ७ फूट ६ इंच, पॉवर हेवी, ॲक्शन फास्ट, दोरा १५ ते २५ पौंड, आमिष अर्धा ते दीड औंस.

पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो. ॲक्शन म्हणजे तो कुठे वाकतो. 'फास्ट' रॉड फक्त टोकाकडे वाकतो आणि गळ झटक्यात रुततो. 'मॉडरेट' मध्यापर्यंत वाकतो. पॉवरची मोजपट्टी सर्व कंपन्यांची सारखी नसते. एकीचा 'हेवी' दुसरीचा 'मीडियम हेवी' असू शकतो. म्हणून शब्दांपेक्षा आकड्यांवर, म्हणजे दोऱ्याच्या पौंडांवर आणि आमिषाच्या औंसांवर विश्वास ठेवा. रीळ या दोन आकड्यांशी जुळवायचं आहे.

रॉडची जात आधी तपासा. मुठीखाली बोट अडकवायला बंदुकीच्या घोड्यासारखा आकडा असेल आणि दोऱ्याच्या कड्या वरच्या बाजूला असतील तर तो कास्टिंग रॉड. बासचे बहुतेक हेवी रॉड याच जातीचे. त्यावर बेटकास्टर रीळ बसतं, जे रॉडच्या वर राहतं. रॉडखाली लटकणारं स्पिनिंग रीळ त्याला लावू नये. कड्यांचा आकार आणि जागा त्याच्यासाठी केलेली नसते.

घड्याळजींचं यंत्र

बेटकास्टरचा जन्म केंटकी राज्यातला. पॅरिस नावाच्या गावात जॉर्ज स्नायडर हे घड्याळजी आणि चांदीकाम करणारे कारागीर होते. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी दातेरी चाकं बसवून असं रीळ केलं की मूठ एकदा फिरवली की दोऱ्याचा गाडा अनेक वेळा फिरावा. पुढे स्वीडनमध्येही असंच घडलं. घड्याळं आणि टॅक्सीचे मीटर करणाऱ्या 'आबू' या कारखान्याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मीटरची मागणी आटल्यावर रिळांकडे मोर्चा वळवला आणि १९५० च्या दशकात त्यांचं 'अँबॅसडर' रीळ अमेरिकेत गाजलं.

हा इतिहास सांगायचं कारण एवढंच की बेटकास्टर हे आजही घड्याळासारखं यंत्र आहे. त्याचा आत्मा दातेरी चाकांत आहे, आणि निवड करताना पहिला आकडा बघायचा तो या चाकांचा.

वेग की जोर?

रिळावर ५.४:१, ६.३:१, ७.१:१ किंवा ८.१:१ असं काहीतरी लिहिलेलं असतं. मूठ एक वेढा फिरली की गाडा किती वेढे फिरतो, ते हे प्रमाण.

हिशोब करून बघू. दोऱ्याने भरलेल्या गाड्याचा व्यास ३४ मिलिमीटर धरला तर एका वेढ्यात सुमारे १०७ मिलिमीटर दोरा गुंडाळला जातो. ५.४ च्या रिळात मुठीच्या एका फेऱ्यात सुमारे २३ इंच दोरा येतो, ७.१ मध्ये ३० इंच आणि ८.१ मध्ये ३४ इंच. लपाछपीत सैल दोरा चटकन गोळा करायचा असेल तर ७ च्या वरचं रीळ हवं हे उघड आहे.

पण सायकलच्या गिअरसारखंच इथेही फुकट काही मिळत नाही. मुठीची लांबी मध्यापासून ५० मिलिमीटर धरली आणि बोटांनी १० पौंड जोर लावला, तर घर्षण सोडून ५.४ च्या रिळात दोऱ्यावर सुमारे साडेपाच पौंड ओढ येते. ७.१ मध्ये ती जेमतेम चार पौंड उरते. वेग घ्याल तर जोर कमी, जोर घ्याल तर वेग कमी.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, लांब मूठ. अनेक दणकट रिळांना टोकापासून टोकापर्यंत १०० ते १२० मिलिमीटरची मूठ असते, ती याचसाठी. दुसरा उपाय हाताचा: जड मासा रिळाने ओढायचा नाही. रॉडने उचलायचा, आणि रॉड खाली आणताना सैल झालेला दोरा रिळात भरायचा. विहिरीतून पोहरा ओढताना एक हात ओढतो आणि दुसरा दोर धरतो, तसंच. हे जमलं की ७ ते ८ च्या प्रमाणाचं रीळ वनस्पतीतल्या मासेमारीला उत्तम चालतं.

मात्र पाण्यात खोल बुडी मारणारं मोठं क्रँकबेट ओढायचं असेल तर सगळं उलटं. ते आमिष पाण्याला स्वतःच इतका विरोध करतं की वेगवान रिळाने दुपारपर्यंत मनगट भरून येतं. तिथे ५ च्या आसपासचं संथ रीळच हवं.

ड्रॅग: ढील किती द्यायची

संक्रांतीला पतंग उडवलेल्यांना ड्रॅग वेगळा समजवावा लागत नाही. फिरकी धरणारा किती घट्ट धरतो आणि किती ढील देतो, तेच काम रिळातल्या चकत्या करतात. मुठीशेजारची चांदणीच्या आकाराची चकती आवळली की ढील कमी.

खोक्यावर लिहिलेला ड्रॅग हा कमाल आकडा असतो. रीळ कायम तिथे चालवायचं नसतं. साधा नियम असा की ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते तृतीयांश ठेवावा. २० पौंडांच्या फ्लोरोकार्बनला ५ ते ६ पौंड पुरे. ५० ते ६५ पौंडांच्या विणलेल्या दोऱ्याने घट्ट वनस्पतीत मासेमारी असेल तर १२ ते १५ पौंड लागतात. तेव्हा अशा कामाच्या रिळाचा कमाल ड्रॅग १५ ते २० पौंडांच्या पुढे असावा. ८-१० पौंडांचं हलकं रीळ इथेच उघडं पडतं. रॉड कमानीसारखा वाकतो, दोरा शाबूत असतो, आणि रीळ मात्र ढील देत राहतं.

हे मोजायला वेगळं उपकरण नको. भारतात जाताना बॅग ५० पौंडांच्या आत आहे ना हे बघायला आपल्या प्रत्येक घरात हातात धरायचा काटा असतो. त्याच्या आकड्याला दोरा बांधा, रॉडच्या टोकातून नव्हे तर थेट रिळातून सरळ ओढा, आणि दोरा सुटायला लागला की आकडा वाचा. पाच मिनिटांचं काम आहे, पण 'अंदाजे घट्ट' आणि 'खरंच घट्ट' यांतला फरक कळतो.

रिळाचा सांगाडाही बघा. जोराच्या ओढीत प्लास्टिक-ग्राफाइटचा सांगाडा किंचित पिळवटतो आणि चाकांचे दाते नीट बसत नाहीत. हेवी रॉडच्या रिळाला ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि पितळेचं मुख्य चाक असेल तर ते जास्त टिकतं. थोडं वजन वाढतं, ते चालवून घ्यावं.

दोरा आणि रिळाचा आकार

दोरे तीन प्रकारचे. पहिला मोनोफिलामेंट, म्हणजे कोकणातला आपला तंगूस. दुसरा फ्लोरोकार्बन, दिसायला तसाच पण पाण्यात बुडणारा. तिसरा विणलेला दोरा. हा जवळजवळ ताणलाच जात नाही आणि जाडीच्या मानाने फार बळकट असतो. ५० पौंडांचा विणलेला दोरा जाडीला सुमारे १२ पौंडांच्या तंगुसाएवढाच असतो.

यामुळे आकाराचं गणित बदलतं. रिळावर समजा '१४/११०' लिहिलं आहे, म्हणजे १४ पौंडांचा तंगूस ११० यार्ड मावतो. तर ५० पौंडांचा विणलेला दोरा त्यात त्याहून थोडा जास्तच मावेल. बास लांब पळत नसल्यामुळे १०० यार्ड पुष्कळ झाले. म्हणून वनस्पतीतल्या मासेमारीला ज्याला १५० किंवा २०० नंबरचं म्हणतात ते मध्यम रीळ पुरतं. हे नंबर कंपनीगणिक थोडे बदलतात. २०-२५ पौंडांचा जाड तंगूस किंवा फ्लोरोकार्बन वापरायचा असेल तर मात्र तेवढ्याच रिळात तो फार थोडा मावतो. तिथे ३०० चा विचार करावा.

दोरा भरताना दोन गोष्टी. विणलेला दोरा गुळगुळीत गाड्यावर घसरतो. मूठ फिरते, गाडा फिरतो, दोरा जागचा हलत नाही, आणि ड्रॅग बिघडला असं वाटतं. म्हणून खाली आधी थोडा तंगूस गुंडाळावा. आणि गाडा काठोकाठ भरू नये, काठापासून साधारण ३ मिलिमीटर जागा सोडावी.

तोल

हातात एकेक वस्तू घेऊन बघितली की हलकं रीळ नेहमीच छान वाटतं. पण साडेसात फुटांच्या हेवी रॉडचं टोक जड असतं. अतिहलकं रीळ लावलं तर टोक खाली झुकतं आणि दिवसभर मनगट ते वर धरत राहतं. उलट फार जड रीळ लावलं तर आमिषाची टोकावरची हालचाल जाणवेनाशी होते.

परीक्षा सोपी आहे. रीळ बसवा, दोरा कड्यांतून घ्या, टोकाला नेहमीचं आमिष लटकवा आणि रॉड एका बोटावर आडवा ठेवा. रिळाच्या लगेच पुढे, पुढच्या मुठीच्या आसपास तोल साधला तर जोडी जमली. म्हणून रीळ घ्यायला जाताना रॉड बरोबर न्यावा. भांड्याला झाकण बघायला भांडं नेतो तसंच. लाजायचं कारण नाही, दुकानदारांना याची सवय असते.

मूठ कोणत्या बाजूला हवी हेही तिथेच ठरवा. उजव्या हाताने फेकणाऱ्याने उजव्या मुठीचं रीळ घेतलं तर प्रत्येक फेकीनंतर रॉड हात बदलतो. बास अनेकदा आमिष पाण्यात पडताक्षणी घेतो, नेमका त्याच वेळी. डाव्या मुठीचं रीळ सुरुवातीला अवघड वाटतं, पण नवशिक्याने तेच शिकावं.

तीन जमलेल्या जोड्या

वनस्पतीच्या गादीवर रबरी बेडूक किंवा गादी भेदून जाणारं जड आमिष: रॉड ७ फूट ३ इंच ते ८ फूट, हेवी किंवा एक्स्ट्रा हेवी, फास्ट. रीळ १५० ते २००, प्रमाण ७ ते ८.५. दोरा ५० ते ६५ पौंड, विणलेला. ज्यांना एकच जोडी घ्यायची आहे त्यांनी ही घ्यावी.

खोल पाण्यातलं मोठं क्रँकबेट: रॉड पावणेआठ फुटांच्या आसपास, मॉडरेट. रीळ २०० ते ३००, प्रमाण ५ ते ५.५. दोरा १२ ते १५ पौंड फ्लोरोकार्बन. इथे रॉडची लवचीकता गळ फाटून निघू देत नाही, तेव्हा पहिल्या जोडीतला ताठ रॉड वापरू नये.

हातभर लांबीचे माशाच्या आकाराचे स्विमबेट: रॉड ८ फुटांच्या आसपास, ३ ते ८ औंस पेलणारा. रीळ ३०० किंवा ४००, प्रमाण साधारण साडेपाच ते साडेसहा. दोरा २० ते २५ पौंड. हे जड रीळ पहिल्या रॉडवर लावलं तर नुसतं ओझं, आणि पहिलं रीळ या रॉडवर लावलं तर दोरा पुरणार नाही.

किमतीचं म्हणाल तर १०० ते २०० डॉलरमध्ये पहिल्या जोडीसाठी चांगलं रीळ मिळतं. त्यापुढचे पैसे मुख्यतः वजन घटवण्यासाठी आणि फिरण्याच्या मऊपणासाठी जातात.

पाण्यावर जाण्याआधी

नवं बेटकास्टर पहिल्या दिवशी चिमणीचं घरटं करून दाखवतंच. आमिषाचा वेग मंदावतो पण गाडा फिरतच राहतो, त्यातून हा गुंता होतो. मुठीच्या बाजूची छोटी कळ इतकी आवळा की बटण दाबल्यावर आमिष सावकाश खाली यावं आणि जमिनीला टेकताच गाडा थांबावा. ब्रेक सुरुवातीला जास्त ठेवा, मग हळूहळू कमी करा. अंगठा गाड्यावर अलगद असू द्या, खरा ब्रेक तोच. अंगणात गळाशिवाय नुसतं वजन लावून दोन संध्याकाळी सराव केला तर तळ्यावरचा दिवस गुंता सोडवण्यात जात नाही. जड आमिष सहज फेकलं जातं, त्यामुळे हेवी जोडीवर हे शिकणं उलट सोपं.

टेक्ससमध्ये १७ वर्षांपासून पुढे मासेमारीचा परवाना लागतो. राज्य उद्यानांत काठावरून गळ टाकायला मात्र परवान्याची गरज नाही, तेव्हा मुलांना घेऊन सुरुवात तिथे करावी. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला लार्जमाऊथ बास ठेवता येत नाही, सोडावाच लागतो. नियम तळ्यागणिक वेगळे असतात, जाण्याआधी त्या वर्षीचे वाचून घ्यावेत.

'मग खायचा नाही का?' हा प्रश्न आपल्याकडे पहिला येतो. नियमात बसणारे छोटे खुशाल तळावेत. मोठे बास जवळजवळ सगळ्या माद्या असतात आणि तेवढं वाढायला त्यांना बरीच वर्षं लागतात. १९८६ पासून टेक्सस राज्य 'शेअरलंकर' उपक्रमात १३ पौंड आणि त्यावरच्या माद्या हौशी मच्छीमारांकडून प्रजननासाठी उसन्या घेतं, आणि त्यांची पिल्लं तळ्यांत सोडतं. अशी मादी गळाला लागली तर ती झटपट वर यावी, गळ पटकन निघावा, वजन-फोटो होऊन मिनिटाभरात ती पाण्यात परत जावी. नीट जुळलेलं रीळ असेल तर हे शक्य होतं.

येत्या सेलमध्ये रीळ बघाल तेव्हा आधी स्वतःला विचारा: मी कुठे आणि कोणतं आमिष टाकणार आहे? त्यावरून दोरा ठरतो, दोऱ्यावरून रॉड, आणि सर्वांत शेवटी रीळ. या क्रमाने गेलात तर दुकानातून बाहेर पडताना तुम्हीच म्हणाल: बास, हेच हवं होतं!